खेळाडूच्या हातची वस्तू



जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात एका जुन्या टोपीचा लिलाव झाला. टोपी लोकरीची, हिरव्या रंगाची, किंचित ढगळ. ऑस्ट्रेलियाचे कसोटी खेळाडू घालतात तशी. आतील बाजूस दोन नावे होती. एक डॉन ब्रॅडमन यांचे आणि दुसरे सोहोनी यांचे. बोली चढत चढत ४ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांवर येऊन थांबली. आपल्या हिशेबाने ही रक्कम अडीच कोटी रुपयांच्याही वर जाते.

हे सोहोनी म्हणजे आपले रंगा सोहोनी. प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघातील हे खेळाडू. ते कसोटी सामने केवळ चार खेळले. परंतु १९४६ साली मँचेस्टर येथे नऊ गडी बाद झाल्यावर शेवटची तेरा मिनिटे हिंडलेकर व सोहोनी या मराठी जोडीने खेळून काढली आणि सामना अनिर्णित राखला, ही गोष्ट जुनी माणसे अभिमानाने सांगत असत. १९९३ मध्ये ठाणे येथे सोहोनींचे निधन झाले. ब्रॅडमन यांनी आपली टोपी त्यांना १९४७-४८ च्या दौऱ्यात भेट दिली होती. स्वतंत्र भारताच्या क्रिकेट संघाचा तो पहिला परदेश दौरा. त्या मालिकेतील पाच कसोटी सामन्यांत ब्रॅडमन यांनी १७८.७५ च्या सरासरीने ७१५ धावा काढल्या. आपल्या गोलंदाजांच्या पदरात त्या मोसमात फारसे काही पडले नाही असे म्हणावे, तर निदान एकाच्या पदरात ही टोपी पडली! पंचाहत्तरांहून अधिक वर्षे ती घरात कुलपात होती. घरातील मुलांना सोळावे वर्ष पूर्ण झाल्यावर ती पाहावयास मिळे आणि तीही पाच मिनिटे, असे लिलाव करणाऱ्यांनी सांगितले.

आता विचार असा की, त्या टोपीच्या लोकरीची किंमत ती किती? तशीच नवी टोपी कोणीही शिंपी शिवून देईल. मग घेणाऱ्याने एवढे पैसे मोजले ते कशाचे? तर ही टोपी ब्रॅडमन यांच्या डोक्यावर होती, या एका वाक्याचे. आणि ते वाक्य खरे असल्याच्या पुराव्याचे. नामांकित खेळाडूंनी मैदानात प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तू जमविण्याचा छंद जगभर वाढला आहे, आणि आपल्याकडेही त्याने मूळ धरले आहे. त्या छंदातील या पुराव्याच्या बाजूविषयी आज मला बोलावयाचे आहे. कारण वस्तू आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुरावे मात्र आपण फार सहज हरवतो. मी स्वतः एक हरवून बसलो आहे. ती हकीकत पुढे येईल.

सुरतेच्या माणसाला ही गोष्ट हिऱ्याच्या उदाहरणावरून चटकन उमजावी. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांची घरे हिऱ्यावर नाहीतर कापडावर चालतात. महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर उभ्याउभ्या पुडी उघडली जाते, दलाल डोळ्याला भिंग लावतो, खडा चिमट्यात धरून फिरवतो आणि त्याची प्रत सांगतो. हिरा आपली साक्ष आपणच देतो. अलीकडे प्रयोगशाळेत वाढविलेले हिरे आले आहेत. तेही खरेखुरे हिरेच, तोच कार्बन, तेच तेज. मुरलेल्या कारागिराच्या डोळ्यालाही फरक कळत नाही. तरी खाणीतून निघालेल्या खड्याचा भाव निराळा आणि यंत्रात वाढलेल्याचा निराळा. म्हणजे तेथेही पैसा खड्याच्या जन्मकथेचा आहे. पण ती कथा तपासावयास उपकरणे आहेत. खेळाच्या वस्तूंचे तसे नाही. एकाच कारखान्यात, एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन बॅटींपैकी एक लॉर्ड्‌सवर शतक करून आली आणि दुसरी अडाजणच्या एखाद्या सोसायटीत मुलांनी खेळविली, तर दहा वर्षांनी त्या दोघींना शेजारी ठेवून कोणते यंत्र निवाडा करणार?

म्हणून या छंदात शब्द फार जपून वापरावे लागतात. दुकानात मिळणारी जर्सी ही केवळ प्रतिकृती. तिच्यावर खेळाडूने सही केली म्हणजे ती सहीची वस्तू झाली, परंतु खेळातील वस्तू झाली नाही. याच्या वरची पायरी म्हणजे खेळाडूसाठी मुद्दाम तयार केलेली, त्याच्या मापाची, पण पेटीतून कधी बाहेर न निघालेली वस्तू. त्यानंतर सामन्यात खरोखर वापरलेली. आणि सर्वांत वर, अमुक दिवशी, अमुक सामन्यात, अमुक क्षणी वापरली असे सिद्ध झालेली. विकणारे या पायऱ्यांची सरमिसळ करतात, कधी अज्ञानाने, कधी जाणून. माझ्या एका सहकाऱ्यांनी काचेच्या चौकटीत बसविलेली सहीची बॅट मोठ्या हौसेने विकत घेतली होती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी सहज खिशातले भिंग काढून सहीवर धरले. शाईची सलग रेघ असावी तेथे बारीक बारीक ठिपके दिसले. सही छापलेली होती! सहकारी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

वापराच्या खुणा हा पहिला साक्षीदार. बॅटीच्या मध्यभागी चेंडूचे लाल शिक्के उमटतात, कडा चेपतात, टोकाशी खेळपट्टी ठोकून ठोकून लाकूड पिंजते. प्रत्येक फलंदाजाची मूठ धरण्याची, पट्टी गुंडाळण्याची तऱ्हा वेगळी असते. उत्तर अमेरिकेत आईस हॉकीच्या जर्सींचा असा संग्रह करणारे शेकडो लोक आहेत, आणि या परीक्षेत त्यांनी मोठी प्रगती केली आहे. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या त्या हॉकीत माणसे एकमेकांवर व भोवतीच्या कठड्यावर वेगाने आदळतात. त्यामुळे जर्सीवर कठड्याच्या रंगाचे ओरखडे आणि काठीच्या पट्टीचे काळे डाग राहतात. फाटलेल्या जागा संघाचा नोकर घाईघाईने शिवतो. संग्राहकाला ही ठिगळे नव्या कापडापेक्षा मोलाची, कारण ती कोठे व कशी शिवली आहेत हे छायाचित्रांत सापडते. जर्सीच्या पाठीमागे आतून एक पट्टी असते, ती विजारीला अडकवतात. मारामारीत प्रतिस्पर्ध्याने जर्सी ओढून डोक्यावर घेऊ नये म्हणून! ज्या काळात ही पट्टी असावयास हवी त्या काळातील जर्सीला ती नसली, तर जाणता माणूस लगेच भुवया उंचावतो.

दुसरा साक्षीदार छायाचित्र. ही परीक्षा गेल्या काही वर्षांत फार बारीक झाली आहे. विलोच्या लाकडातील रेषा कोणत्याही दोन बॅटींत सारख्या नसतात. माणसाच्या बोटाच्या ठशासारख्याच त्या. जर्सीवरील आकडा किती तिरपा शिवला आहे, शिवणीपाशी पट्टे कसे जुळले आहेत, हेही तसेच. सामन्याच्या वेळी काढलेल्या स्पष्ट छायाचित्रात या खुणा दिसल्या आणि हातातल्या वस्तूवर त्याच दिसल्या, तर पुरावा भक्कम झाला. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना याने १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल सर्वांना ठाऊक आहे. त्या सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज याने त्याच्याशी जर्सीची अदलाबदल केली. पुढे २०२२ मध्ये ती जर्सी लंडनला विक्रीस निघाली तेव्हा मॅराडोनाच्या घरच्यांनीच शंका काढली की, ही पहिल्या अर्ध्या खेळातील असावी. गोल दुसऱ्या अर्ध्यात झाले. विकणाऱ्यांनी छायाचित्रांशी ताळा जमवून ती दुसऱ्या अर्ध्यातील असल्याचे दाखविले, आणि ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीस ती गेली. एका सामन्यात खेळाडू दोन जर्सी घालतो. त्यांपैकी एक इतिहास आणि दुसरी कपडा.

आपल्या महेंद्रसिंग धोनी यांची या बाबतीतील गोष्ट गमतीची आहे. सामना जिंकला की एक यष्टी उपटून घरी न्यावयाची त्यांची सवय होती. परंतु कोणती यष्टी कोणत्या सामन्यातील हे त्यांनी लिहून ठेवले नाही. निवृत्त झाल्यावर सगळ्या सामन्यांच्या चित्रफिती पाहीन आणि यष्टीवरील जाहिरातींवरून त्या ओळखीन, असे त्यांनी पुढे सांगितले होते. धोनींच्या सामन्यांच्या चित्रफिती आहेत म्हणून हे शक्य तरी आहे. त्यांचीच २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील बॅट त्याच वर्षी लंडनला एका धर्मादाय समारंभात १ लाख पौंडांना गेली. त्या बॅटीचा शेवटचा षटकार कोट्यवधी लोकांनी पाहिलेला आहे, तिला वेगळा साक्षीदार कशाला?

जेथे चित्र पुरत नाही तेथे तिसरा साक्षीदार लागतो, आणि माझ्या मते खरा महत्त्वाचा तोच: वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची अखंड साखळी. सप्टेंबर १९७२ मध्ये मॉस्को येथे कॅनडा व रशिया यांच्यात आईस हॉकीची आठवी आणि निर्णायक लढत झाली. खेळ संपावयास ३४ सेकंद असताना पॉल हेंडरसन याने गोल केला आणि कॅनडा जिंकला. त्या देशात त्या दिवसाला जे स्थान आहे, ते आपल्याकडे १९८३ च्या लॉर्ड्‌सला. हेंडरसनने आपली जर्सी संघातील एका सेवकाला देऊन टाकली. ती हातोहात फिरत २०१० साली लिलावात आली, आणि दहा लाख अमेरिकन डॉलरांहून अधिक किमतीला एका कॅनेडियन व्यापाऱ्याने घेऊन ती देशभर लोकांना दाखविली. देणारा हयात होता, कोणाला दिली हे सर्वांना माहीत होते. साखळीची कडी कोठे तुटली नव्हती.

ब्रॅडमन यांच्या टोप्यांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. हल्ली ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूला पदार्पणाच्या दिवशी एकच टोपी मिळते व तीच तो अखेरपर्यंत वापरतो. शेन वॉर्न यांची टोपी जानेवारी २०२० मध्ये वणव्यातील आपद्‌ग्रस्तांसाठी १० लाख ७ हजार ५०० डॉलरांना विकली गेली ती अशी, सबंध कारकिर्दीची एकच. ब्रॅडमन यांच्या काळी मात्र मालिकेगणिक नवी टोपी मिळे आणि जुनी देऊन टाकली जाई. त्यामुळे टोपी ब्रॅडमन यांची आहे एवढे सिद्ध होऊन भागत नाही. ती कोणत्या मालिकेतील, हेही सांगावे लागते. याच १९४७-४८ च्या मालिकेतील दुसरी एक टोपी डिसेंबर २०२४ मध्ये विकली गेली. ती ब्रॅडमन यांनी आपल्या संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना दिली होती. उन्हाने विटलेली, कसर लागलेली, तरीही बोली ३ लाख ९० हजार डॉलरांवर गेली. त्या मालिकेतील ज्ञात असलेली ही एकच टोपी, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. पुढे सव्वा वर्षाच्या आत सोहोनींच्या घरातील दुसरी उजेडात आली! 'एकमेव' हा शब्द या व्यापारात नेहमी 'आजपर्यंत कळलेली' अशाच अर्थाने ऐकावा. आणि सोहोनींच्या घरातील पाच मिनिटांचा तो कडक नियम हसण्यासारखा वाटला, तरी साखळी अखंड राहिली ती तशा शिस्तीमुळेच. टोपी एका घरातून बाहेर गेलीच नाही.

आता माझी हकीकत. आमचे मूळ घर वसईचे. आजोबा बी.बी.सी.आय. रेल्वेत होते आणि काही वर्षे त्यांची नेमणूक बडोद्यास होती. त्या काळी मराठी ख्रिस्ती घरांत विजय हजारे यांचे नाव घरच्या माणसासारखे घेतले जाई, मग घर कोणत्या चर्चचे का असेना. जन्म सांगलीचा, कर्मभूमी बडोदा. पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन यांच्या संघांखेरीज जो 'इतरांचा' संघ असे त्यातील हे अग्रणी. त्याच १९४७-४८ च्या दौऱ्यात अ‍ॅडलेड येथे एका कसोटीच्या दोन्ही डावांत ११६ व १४५ धावा काढणारे, आणि १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हाचे कर्णधार. त्यांच्याविषयी बोलताना आजोबांचा स्वर आपोआप खाली येई.

तर मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदा आणि होळकर या संघांत झाला. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठी जगातील ही सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ती २००६ पर्यंत टिकली. त्या वर्षी श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा काढून तिला मागे टाकले. आमच्या घरी एक चेंडू आहे. आजोबा सांगत की, तो त्या भागीदारीतील चेंडू, आणि मैदानावर ओळख असलेल्या एका गृहस्थांनी तो त्यांना दिला. सोबत त्या गृहस्थांच्या हातची चार ओळींची चिठ्ठी होती. लहानपणी ती मी दोनदा वाचली होती.

चेंडू माळ्यावर एका खोक्यात असे. चिठ्ठी, इतर कागदपत्रांबरोबर, खालच्या मजल्यावरील कपाटाच्या तळच्या खणात. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पटणार नाही. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. आम्ही माणसे वर, चेंडू वर, कागद खाली. पाणी ओसरल्यावर त्या खणातून मी जो लगदा बाहेर काढला त्यात घरपट्टीच्या पावत्या होत्या, आईचे शाळेचे दाखले होते आणि ती चिठ्ठीही असणार. मी तिची नक्कल कधी केली नव्हती. नक्कल करावयास पाच मिनिटे लागली असती.

पुढे या छंदाविषयी थोडे वाचल्यावर मी आमच्या चेंडूची शिस्तीत तपासणी करावयास बसलो. प्रथम हिशेब. बडोद्याने त्या डावात ७८४ धावा काढल्या. एवढ्या मोठ्या डावात आरंभापासून शेवटपर्यंत एकच चेंडू चालला असेल असे कोण म्हणेल? ठराविक मर्यादेनंतर नवा चेंडू मागण्याचा नियम तेव्हाही होता. म्हणजे 'भागीदारीतील चेंडू' असा एक चेंडू नव्हेच. ते काही चेंडू असणार. शिवाय होळकरांचे दोन्ही डाव संपले, २०२ आणि १७३ धावांत. त्या डावांचे चेंडू निराळे. चिठ्ठीत 'भागीदारीतील' असे होते की 'सामन्यातील' असे? मला आठवत नाही. मी डोळे मिटून ते अक्षर पुष्कळदा आठवून पाहिले आहे. तारीख दिसते, खालची वळणदार सही दिसते, पण तो एक शब्द दिसत नाही.

मग चेंडू. चामडे काळपट लाल, शिवण एका बाजूस उसवलेली, बनविणाऱ्याचा सोनेरी शिक्का झिजून दोन-तीन अक्षरांपुरता उरलेला. त्यावरून काही निघेना. मग मी खोक्याकडे वळलो, आणि मनात चर्र झाले. खोक्यावर खेळसाहित्याच्या एका दुकानाचा पत्ता छापलेला आहे आणि त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड आहे. पिनकोडची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. म्हणजे खोके १९४७ चे असणे शक्य नाही. याचा अर्थ चेंडूही नंतरचा असा होतो का? नाही. बाबांनी जुना चेंडू हाताशी असलेल्या खोक्यात ठेवला असेल. असे आपण सगळेच करतो. परंतु एखाद्या अनोळखी माणसाने मला हा चेंडू या खोक्यासह आणून दाखविला असता, तर मी त्याला हसून वाटेला लावले असते, हेही तितकेच खरे.

चिठ्ठी असती तर तिची शाई, कागद, लिहिणाऱ्याची ओळख यांवरून कोणी जाणकार काही बोलू शकला असता. आज चेंडू आहे तसाच आहे, एका कणानेही बदललेला नाही. बदलले ते एवढेच की त्याच्याविषयी आता कोणाला काही सांगता येत नाही.

एका घरात जे झाले ते मोठ्या प्रमाणावरही होते. बलबीरसिंग सीनियर यांचे नाव श्रोत्यांनी ऐकलेच असेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार. १९८५ साली त्यांनी आपली ३६ पदके, मेलबर्नचा कर्णधाराचा कोट आणि शंभरावर छायाचित्रे नियोजित राष्ट्रीय क्रीडा संग्रहालयासाठी देऊन टाकली. घरात ठेवण्यापेक्षा देशाला द्यावी, हा विचार. २०१२ च्या सुमारास चौकशी केली तेव्हा त्या वस्तूंचा पत्ता लागेना. म्हातारपणी त्यांनी पुष्कळ पाठपुरावा केला. मे २०२० मध्ये ते गेले तेव्हाही त्या त्यांना परत पाहावयास मिळाल्या नव्हत्या. देताना कोणी तपशीलवार यादी करून, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून, एक प्रत त्यांच्या हाती दिली असती तर? निदान काय शोधावयाचे हे तरी पुढच्या माणसाला कळते.

आणि नाश केवळ दुर्लक्षानेच होतो असेही नाही. आईस हॉकीत जॉर्ज वेझिना हा माँट्रियलचा गोलरक्षक होऊन गेला; १९२६ साली क्षयाने त्याचे निधन झाले. त्याने वापरलेली पायांची पॅडे एका पत्ते छापणाऱ्या कंपनीने या शतकाच्या आरंभी विकत घेतली, कापून त्यांचे बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका पत्त्यात चिकटवून विकला. प्रत्येकाला इतिहासाचा तुकडा मिळाला, म्हणे. पुष्कळ संग्राहक या प्रकाराने संतापले, आणि मला त्यांचा संताप योग्य वाटतो. सबंध पॅड पाहून एखाद्या मुलाला कळले असते की, त्या काळी माणसे केवढ्याशा आधारावर उभी राहत असत. नखाएवढ्या चामड्यावरून काय कळणार?

महाराष्ट्रात आता परिस्थिती थोडी सुधारते आहे. पुण्यास २०१२ पासून खाजगी संग्रहातून उभे राहिलेले क्रिकेटचे संग्रहालय आहे. एका तरुण खेळाडूने हौसेने जमविलेल्या बॅटींपासून त्याची सुरुवात झाली. मुंबईत वानखेडे मैदानावर २०२५ मध्ये क्रिकेट संग्रहालय उघडले. तेथे जाल तर बॅटीकडे पाहून झाल्यावर तिच्याखालची पाटीही वाचा. कोणत्या सामन्यातील, कोणी दिली, हे ज्या पाटीवर लिहिले आहे तेथे थोडे अधिक थांबा.

ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आणि आहे अशी घरे सुरतेतही असणार. कोणाचे काका रणजी खेळले असतील, कोणाचे आजोबा तालमीत असतील, कोणाच्या आत्याने विद्यापीठाकडून खो-खो गाजविला असेल. प्रथम म्हणजे वस्तू स्वच्छ करू नका. दिवाळीची साफसफाई आली की आपल्या बायाबापड्या आणि आपणही फडके घेऊन सुटतो. बॅटीवरचे लाल शिक्के, बुटाच्या तळाची माती, जर्सीवरचा घामाचा डाग हीच साक्ष. ती पुसली की उरते ते लाकूड आणि कापड. कपडा वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई व आम्लाने तो पिवळा पडतो. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आपल्या दमट हवेत आत बुरशी धरते. भिंतीवर उन्हात टांगू नये. डांबरगोळी ठेवावयाचीच तर पुरचुंडीत बांधून, वस्तूला न लागेल अशी. चिठ्ठ्याचपाट्यांना रबराची कडी लावू नये आणि कागद गरम प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करून घेऊ नये. जाणकाराला पुढे तो तपासता येत नाही.

आणि ज्या माणसाला ती गोष्ट माहीत आहे तो घरात असेपर्यंत त्याला बोलते करा. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. आजोबा बोलत असताना त्यांचे बोलणे टिपून घ्या, वस्तू त्यांच्या हातात देऊन छायाचित्र काढा, तारीख घाला. 'आठवत नाही' असे ते म्हणाले तर तेही तसेच लिहा. आठवणीत भर घालून गोष्ट सजवू नका. सजविलेली गोष्ट पहिल्या उलटतपासणीतच कोसळते, आणि जाताना खऱ्या भागालाही घेऊन जाते.

आमच्या चेंडूसाठी मी गेल्या पावसाळ्याआधी नवी चिठ्ठी लिहिली. ती अशी: 'क्रिकेटचा चेंडू, लाल चामड्याचा, शिवण एका बाजूस उसवलेली. मार्च १९४७ मध्ये बडोदा येथे झालेल्या रणजी अंतिम सामन्यातील असल्याचे आजोबा सांगत. मूळ चिठ्ठी ऑगस्ट २००६ च्या पुरात नष्ट झाली. तीत "भागीदारीतील" हा शब्द होता किंवा नाही, हे मला आठवत नाही. खोके १९७२ नंतरचे. चेंडू त्या सामन्यातील असल्याचा पुरावा नाही, नसल्याचाही नाही.' खाली सही व तारीख घातली. एक प्रत चेंडूजवळ माळ्यावर आहे. दुसरी वसईस धाकट्या भावाकडे पाठविली आहे. तेथपर्यंत तापीचे पाणी काही यावयाचे नाही.